कर्करोगानंतरची जवळीक : हा प्रश्न तुम्ही कोणाला आणि कोणत्या शब्दांत विचारला?

कृष्णाकाठ | ३ फेब्रुवारी, रात्री १०.४०

माझे वय ४३ आहे. दीड वर्षापूर्वी मला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान झाले. बाहेरून २५ वेळा रेडिएशनचा शेक, त्याच्या जोडीला दर आठवड्याला सिस्प्लॅटिनची केमो आणि शेवटी आतून द्यायचे रेडिएशन, म्हणजे ब्रॅकीथेरपी, असे सगळे उपचार पार पडले. आता तपासण्या चांगल्या येत आहेत. ज्यांनी मला बरे केले त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचे वाचून 'जीव वाचला हे काय थोडे आहे' असे कोणीतरी म्हणेल, आणि तेच वाक्य ऐकून मी इतके महिने गप्प बसले आहे.

उपचार संपल्यावर चार महिन्यांनी आम्ही पहिल्यांदा जवळ आलो. तेव्हा असे दुखले की मी उशीचा अभ्रा दातांत धरला. नंतर न्हाणीघरात जाऊन पाहिले तर थोडे रक्त गेले होते. ह्यांना वाटले की आजार उलटला. त्या रात्री आम्ही दोघे दिवा लावून बसून राहिलो, आणि त्या दिवसापासून ह्यांनी मला हात लावलेला नाही. रात्री मी कूस बदलली तरी ते पलंगाच्या कडेला सरकतात.

पुढच्या तपासणीला जाताना बसमध्ये मी मनाशी वाक्य जुळवत होते. तीन तासांनी नंबर लागला. खोलीचे दार उघडेच होते, आत दोन शिकाऊ डॉक्टर होते आणि पुढच्या पेशंटची फाईल घेऊन एक गृहस्थ माझ्या खुर्चीमागे उभे होते. मी कसेबसे म्हणाले, "डॉक्टर, खाली फार कोरडे वाटते." ते म्हणाले, "शेक घेतल्यावर तसे होतेच. मुले किती तुम्हाला?" मी म्हणाले, "दोन." "मग झाले तर." मी फाईल उचलली आणि बाहेर आले.

त्यांच्या उत्तरापेक्षा माझ्याच वाक्याची चुटपुट मला जास्त लागली आहे, कारण मला जे विचारायचे होते ते त्यात आलेच नाही. पण मग कोणते वाक्य बोलायला हवे होते? पुस्तकातला शब्द उच्चारला तर पोथी वाचल्यासारखे वाटते, बोलीतले शब्द शिव्यांनी नासवून ठेवले आहेत, आणि इंग्रजी शब्द वापरला की मी दुसऱ्याच कोणाच्या शरीराबद्दल बोलते आहे असे वाटते. म्हणून इथल्या मैत्रिणींना, आणि मित्रांनाही, माझे विचारणे एवढेच आहे, की तुम्ही हे कोणाला विचारले आणि विचारताना नेमके काय म्हणालात?

शब्दवेडी | ३ फेब्रुवारी, रात्री ११.१५

ताई, तुम्हाला जे वाक्य सापडत नाही ते तुमच्या दुसऱ्या परिच्छेदात लिहिलेले आहे. बोलायला जमत नसेल तर तेच कागदावर उतरवून डॉक्टरांच्या हाती द्या.

निशिगंध | ४ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

माझा अनुभव स्तनाच्या कर्करोगाचा आहे. चार वर्षांपूर्वी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, माझा डावा स्तन काढला. शस्त्रक्रियेआधी मला एका कागदावर सही करायला लावली, त्यात भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, हाताला सूज असे सगळे लिहिले होते. छातीच्या त्या भागाची जाणीव बहुतांशी जाईल, तिथे हात ठेवला तर हात ठेवल्याचे कळणारही नाही, हे मात्र कोणी सांगितले नव्हते. ते मला घरी आल्यावर, आंघोळीचे पाणी अंगावर घेताना कळले. उजवीकडे पाणी गरम लागत होते आणि डावीकडे काहीच लागत नव्हते.

कितीतरी दिवस मी न्हाणीघरातल्या आरशावर टॉवेल टाकून ठेवत असे. आणखी एक गोष्ट सांगते, ती फार बारीक आहे. माझे मंगळसूत्र मधोमध राहत नाही, दोन्ही वाट्या सपाट झालेल्या बाजूला घरंगळतात. पहिल्या दिवाळीत पाहुण्यांसमोर मी सारखी ती सरळ करत होते. रात्री दिवा मालवल्यावर ह्यांनी हात पुढे करून त्या वाट्या होत्या तिथेच, डावीकडे, राहू दिल्या आणि त्यांच्यावर तळवा ठेवला. मला तो तळवा अर्धाच जाणवला, पण त्यानंतर मी आरशावर टॉवेल टाकला नाही.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर, मी डॉक्टरांना विचारले नाही. कृत्रिम स्तन आणि त्याची ब्रा देणाऱ्या ताई होत्या, त्यांना विचारले. मोजमाप घेताना त्यांनी स्वतःच म्हटले होते की, "घरातल्या माणसाने जखम पाहिली का?" त्या एका प्रश्नाने माझे तोंड उघडले. मला लेट्रोझोल ही हार्मोन कमी करणारी गोळी चालू आहे आणि त्या गोळीने योनिमार्ग अतिशय कोरडा पडतो, सांधे दुखतात, घामाचे लोट येतात. हे सगळे मी वयाचे समजत होते, ते गोळीचे आहे हे त्यांनी सांगितले.

आजोळ | ४ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

मी ७१ वर्षांचा ज्येष्ठ सभासद आहे. आजारी भगिनींविषयी पूर्ण सहानुभूती बाळगून लिहितो की, पतिपत्नींमधल्या काही गोष्टी चार भिंतींच्या आत राहण्यातच त्यांचे मांगल्य असते. हा मंच मुलेही वाचतात. असे प्रश्न डॉक्टरांनाच विचारावेत आणि धागा संपादकांनी बंद करावा, असे माझे नम्र मत आहे.

सह्यकडा | ४ फेब्रुवारी, सकाळी १०.१०

आजोळकाका, डॉक्टरांनाच विचारून काय उत्तर मिळाले ते धागाकर्तीने वर लिहिले आहे. तिला चार भिंती मिळाल्या असत्या तर ती इथे आली नसती. त्या खोलीचे तर दारसुद्धा लागलेले नव्हते.

आपल्या भाषेत हा प्रश्न पहिल्यांदा आजच विचारला जातो आहे असेही नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केले आणि १९५३ मध्ये निधन होईपर्यंत ते चालवले. त्या मासिकात वाचक आपल्या कामजीवनाविषयीचे प्रश्न पाठवत आणि कर्वे त्यांना सरळ मराठीत उत्तरे देत. अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटल्यात दंड झाला, तरी प्रश्नोत्तरे थांबली नाहीत. तेव्हा मर्यादा सोडल्याचा आरोप ज्या प्रकारच्या लिखाणावर झाला, ते लिखाण आज आपण अभिमानाने मराठीची परंपरा म्हणून सांगतो.

आणि हा मूठभर बायकांचा प्रश्न नाही. ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग-आकडेवारीच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण होते. त्यांतल्या ज्या बऱ्या होऊन घरी येतात, त्या कुठल्या तरी घरातच येतात.

दीपमाळ | ४ फेब्रुवारी, दुपारी २.२०

मी रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे कर्करोगावर शेक देणारी डॉक्टर आहे. कृष्णाकाठ, तुमच्या बाबतीत काय झाले असावे ते आधी सांगते, पण तपासणीशिवाय निदान होत नाही, हे लक्षात असू द्या.

ओटीपोटाला शेक दिला की योनिमार्गाच्या भिंतींचा रक्तपुरवठा कमी होतो, तिथली ऊती हळूहळू ताठर होते, भिंती एकमेकींना चिकटू लागतात आणि मार्ग अरुंद व आखूड होतो. त्याच शेकाने अंडाशयांचे काम थांबते, म्हणजे चाळिशीतल्या बाईची पाळी काही आठवड्यांत जाते आणि इस्ट्रोजेन हे स्त्रीहार्मोन एकदम खाली येते. नैसर्गिक पाळी जाताना शरीराला काही वर्षे मिळतात, इथे ती मिळत नाहीत. त्यामुळे 'कोरडे वाटते' या तुमच्या वाक्यात खरे तर दोन वेगळ्या तक्रारी होत्या, एक कोरडेपणाची आणि दुसरी मार्ग आकसल्याची, आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

आकसण्यासाठी डायलेटर असतात. ही गुळगुळीत, बोटासारख्या आकाराची, वाढत्या मापांची नळकांडी असतात. शेक संपल्यावर दोन ते चार आठवड्यांनी, आतली सूज उतरली की डॉक्टरांनी तपासून ती सुरू करायची असतात. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, भरपूर जेली लावून, सर्वांत लहान माप हळूच आत ठेवायचे, साधारण पाच ते दहा मिनिटे, आठवड्यातून दोन-तीन वेळा. दुखू लागले तर रेटायचे नाही, थांबायचे, श्वास सोडायचा आणि स्नायू सैल होऊ द्यायचे. हे काही महिन्यांत संपत नाही, वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागते. उशीर झाला म्हणून उपयोग शून्य असे नसते, पण तुम्ही उशिरा सुरू करत असल्याने आधी तपासणी करून घ्या. संबंध ठेवायचे नसले तरीही डायलेटरचा उपयोग आहे, कारण मार्ग बंद झाला तर पुढच्या प्रत्येक तपासणीत गर्भाशयमुख पाहणे आम्हाला कठीण होते आणि तुम्हाला ते फार दुखते.

कोरडेपणासाठी दोन गोष्टी असतात आणि दुकानात त्यांची नेहमी गल्लत होते. योनिमार्गाचे मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा नियमाने लावायचे असते, संबंध असोत वा नसोत. वंगणाची जेली फक्त त्या वेळेपुरती असते. कंडोम वापरत असाल तर खोबरेल किंवा दुसरे कोणतेही तेल लावू नका, तेलाने लॅटेक्स फाटते.

हार्मोनच्या औषधांबद्दल सर्वांना एकच उत्तर नाही. गर्भाशयमुखाचे बहुतेक कर्करोग हार्मोनवर वाढणारे नसतात, त्यामुळे कमी वयात पाळी गेलेल्या अशा बाईला हार्मोन देता येतात का, हा प्रश्न जरूर विचारावा. निशिगंध यांच्यासारख्या स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णाला पोटातून घ्यायचे हार्मोन देत नाहीत, आणि योनिमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलमसुद्धा ऑन्कॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय, कोणा मैत्रिणीने सांगितले म्हणून लावू नये.

रक्ताविषयी सांगायचे तर, शेकानंतर आतल्या रक्तवाहिन्या नाजूक होतात आणि थोडे रक्त जाणे बऱ्याच जणींना होते. तरीही प्रत्येक वेळी ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. 'शेकाचेच असेल' असे घरी ठरवू नये.

शेवटी एक कबुली देते. माझ्या प्रॅक्टिसची पहिली कितीतरी वर्षे मीही हा प्रश्न रुग्णांना विचारला नाही. मला तो विचारायला कोणी शिकवले नव्हते, आणि रुग्ण स्वतःहून बोलत नाही म्हणजे तिला त्रास नाही, असे मी धरून चालत होते. त्या काळात माझ्याकडून बऱ्या होऊन गेलेल्या बायकांची मला आज आठवण येते.

विलायती_चाफा | ४ फेब्रुवारी, सायंकाळी ६.४५

दीपमाळ यांनी लिहिलेले जवळजवळ सगळे मला इथे इंग्लंडमध्ये उपचार संपायच्या आधीच नर्सने सांगितले होते. वेगवेगळ्या मापांचे डायलेटर एका साध्या कापडी पिशवीत घालून तिने माझ्या हातात दिले, प्रत्येक माप उचलून दाखवले आणि पहिल्यांदा वापरताना भीती वाटली तर मला फोन कर म्हणाली. फार काही महागडे यंत्र त्यात नव्हते. वीस मिनिटे आणि एक बंद दार, एवढेच लागले.

तरीही पहिले तीन आठवडे ती पिशवी मी कपाटात साड्यांमागे लपवून ठेवली होती. नर्सचे शब्द इंग्रजी होते, ते मला समजले, पण माझ्या आतपर्यंत पोहोचले नाहीत. आईला फोनवर सांगताना मी "डॉक्टरांनी एक व्यायाम दिला आहे" असे म्हणाले आणि तोच शब्द माझ्या कामी आला. हाताला सूज आलेली बाई बोटांचा व्यायाम करते, तसा हा व्यायाम. कृष्णाकाठ, तुम्हाला उपयोगी पडला तर घ्या.

रानवाटा | ४ फेब्रुवारी, रात्री ९.५०

मी पतीच्या बाजूने लिहितो, कारण धाग्यात ती बाजू अजून आली नाही. कृष्णाकाठ यांचे यजमान पलंगाच्या कडेला सरकतात हे वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही.

माझ्या बायकोची अंडाशयाच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. ती घरी आल्यावर तिची झोप मोडू नये म्हणून मी बाहेरच्या खोलीत गादी घातली. टाके भरले, केमो संपली, केस परत आले, तरी मी बाहेरच झोपत राहिलो. मला भीती वाटत होती की माझा हात चुकून पोटावर पडेल, आणि त्याहून मोठी भीती अशी की मला ती हवीशी वाटते हे तिला कळले तर, 'मी मरणाच्या दारातून आले आणि ह्याला हे सुचते' असे तिला वाटेल. म्हणून मी फार चांगला वागत राहिलो. औषधे वेळेवर, ताजे सूप, रिक्षा दारात. सात महिने गेले. एका रविवारी आम्ही मटार सोलत बसलो होतो आणि तिने मान वर न करता विचारले, "मला वास येतो का?"

मी म्हणालो, "कसला वास?" ती म्हणाली, "औषधांचा, आजाराचा. म्हणून तू येत नाहीस ना?"

सात महिने ती हे समजून जगली होती. त्या दिवशी मी गादी आत नेली. पहिले काही आठवडे आम्ही संबंधाचा विषयच काढला नाही. मी तिच्या तळपायांना काशाच्या वाटीने तेल चोळत असे, ती पाय मागे घेत नसे, आणि पुढचे सगळे तिथूनच हळूहळू सुरू झाले. तुमच्या यजमानांनाही किळस येत नसून भीती वाटत असावी, असे मला मनापासून वाटते. त्यांना विचारा. ते स्वतःहून बोलणार नाहीत.

सिस्टर_माणदेश | ५ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

रात्रपाळी संपवून लिहिते आहे. शहरातल्या बायका निदान धागा तरी काढू शकतात. आमच्याकडे कर्करोगाचे नाव झाले की बाईची ताटवाटी वेगळी होते, अंथरूण वेगळे होते, आणि शेक घेऊन आलेल्या बाईला सासू नातवंडाजवळ जाऊ देत नाही. म्हणून स्पष्ट लिहिते की कर्करोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा संबंधाने नवऱ्याला लागत नाही. बाहेरून दिलेला शेक अंगात उरत नाही. मशीनने आतून दिलेली ब्रॅकीथेरपीसुद्धा नळी काढली की संपते. केमो चालू असताना मात्र प्रत्येक सलाइननंतरचे काही दिवस कंडोम वापरावा, कारण औषधाचा अंश शरीरातल्या स्रावांत येतो, आणि त्या काळात दिवस राहणे धोक्याचे असते.

गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्याच्यामुळे होतो तो एचपीव्ही हा विषाणू संबंधातून येतो हे खरे आहे, आणि त्यावरून घरात फार वाईट बोलले जाते. बाईचे चारित्र्य काढतात, नाहीतर नवऱ्याचे. हा विषाणू इतका सर्वत्र आहे की संबंध ठेवणाऱ्या बहुतेक स्त्रीपुरुषांना तो आयुष्यात कधीतरी लागून जातो, बहुतेकांच्या शरीरातून आपोआप निघून जातो, आणि थोड्यांच्या शरीरात दहा-पंधरा वर्षे दडून राहतो. तो कधी आणि कोणाकडून आला हे कोणीही सांगू शकत नाही.

बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला आणि एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून जगाला कळले. आपल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांनी ती तपासणी करू दिली, म्हणून ते कळले. रोग शोधताना आम्ही त्यांना सगळे विचारतो, की लग्न कितव्या वर्षी झाले, बाळंतपणे किती, पांढरे जाते का, संबंधानंतर रक्त जाते का. त्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देतात. रोग बरा झाला की आम्हीच विचारायचे थांबतो.

धाग्याचा प्रश्न शब्दांचा आहे. माझ्या वॉर्डातल्या बायका म्हणतात, "मालकाजवळ जायला भ्या वाटतंय", "आतनं आग होती", "जागा आवळल्यागत झालीया". एवढे म्हटले तरी मला पूर्ण कळते. ताई, तुम्ही कोणताही शब्द वापरा, पण तो म्हटल्यावर उठून जाऊ नका.

माहेरवाशीण | ५ फेब्रुवारी, दुपारी १२.१५

मला वेगळे मत मांडायचे आहे. माझे वय ५८ आहे, दोन्ही स्तन काढले आहेत आणि मला आता इच्छा होत नाही. इच्छा नसण्याचे मला दुःखही नाही. आम्ही दोघे एका पांघरुणात झोपतो, सकाळी एकमेकांना चहा करून देतो आणि त्यात मी सुखी आहे. पूर्वी 'बाईने असले काही बोलू नये' असा दंडक होता, त्याच्या जागी 'बाईला हे हवेच' असा नवा दंडक येऊ नये. परवा एका शिबिरात मला इतक्या आग्रहाने उपाय सुचवले गेले, की काही क्षण मला माझ्यातच उणीव वाटू लागली.

निशिगंध | ५ फेब्रुवारी, दुपारी १.००

माहेरवाशीण, तुमचे म्हणणे पटले. फक्त एक भर घालते, की तुम्ही हे दोघांनी मिळून ठरवले आहे. माझ्या ओळखीत एकीने 'मला आता इच्छाच नाही' असे सहा वर्षे सांगितले आणि नंतर कळले की तिला इच्छा होती, दुखण्याचे भय होते. शिवाय तिला घामाचे लोट आणि उदासी यांसाठी गोळी दिली होती आणि त्या प्रकारच्या काही गोळ्यांनी इच्छा कमी होते, हेही तिला ठाऊक नव्हते. इच्छा खरोखर नाही की दुखण्याने आणि औषधाने दाबली गेली आहे, हे त्या बाईला ओळखता आले पाहिजे, मग तिने काहीही ठरवावे.

दीपमाळ | ५ फेब्रुवारी, दुपारी ३.३५

निशिगंध यांच्या मुद्द्याला जोडून लिहिते, की स्तनाच्या कर्करोगावरची टॅमॉक्सिफेन ही गोळी चालू असेल तर पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन या उदासीवरच्या गोळ्या शक्यतो टाळतात, कारण त्यांनी टॅमॉक्सिफेनचा गुण कमी होऊ शकतो. पर्यायी औषधे आहेत. पण चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, आपल्या डॉक्टरांकडून बदलून घ्या.

एकटी_वाट | ५ फेब्रुवारी, रात्री ८.२०

आतापर्यंतच्या सगळ्या प्रतिसादांत 'हे', 'यजमान' आणि 'मालक' आहेत. मी ३३ वर्षांची आहे आणि माझे लग्न झालेले नाही. दोन वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला, गाठ काढली, केमो झाली, आता टॅमॉक्सिफेन चालू आहे. केसपेपरवर 'अविवाहित' लिहिले गेले आणि तिथेच माझ्यापुरता हा विषय संपला. टॅमॉक्सिफेन घेताना पाळी चुकली तरी दिवस राहू शकतात, गर्भाला त्या गोळीने इजा होऊ शकते, गर्भनिरोधक गोळ्या मला चालत नाहीत आणि कंडोम किंवा तांबी वापरावी लागते, हे मला कोणीही सांगितले नाही. माझ्या आयुष्यात एक माणूस होता. पाळी पंधरा दिवस लांबली तेव्हा आम्ही दोघांनी जे दिवस काढले, ते केमोच्या दिवसांपेक्षा सोपे नव्हते.

लग्नाचे स्थळ आले की आई म्हणते, छातीवरचा व्रण पहिल्या भेटीत सांगू नकोस. मला तो पहिल्या भेटीत सांगायचा नाहीच, पण तिसऱ्या भेटीत कसा सांगायचा हे मला अजून सुचलेले नाही. तिथेही शब्दांचाच प्रश्न आहे.

शब्दवेडी | ५ फेब्रुवारी, रात्री ९.००

एकटी_वाट, "माझ्या अंगावर एक व्रण आहे, त्याबद्दल तुला सांगायचे आहे, आणि तुझे ऐकायचेही आहे" असे म्हणून पाहा. माझ्या मावशीच्या विधवा मैत्रिणीने पन्नाशीत दुसरे लग्न करताना साधारण असेच म्हटले होते.

आजोळ | ६ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

धागा बंद करावा ही माझी मागणी मी मागे घेतो. मर्यादेविषयीचे माझे मत बदललेले नाही, पण ती इथे कोणी ओलांडलेली मला दिसली नाही. रानवाटा यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. माझ्या पत्नीला जाऊन नऊ वर्षे झाली. तिच्या आजारपणात मीही बाहेरच्या खोलीत झोपत होतो आणि तिने मला काही विचारले नव्हते.

रानवाटा | ६ फेब्रुवारी, सकाळी ८.४०

काका, नमस्कार करतो.

कृष्णाकाठ | २७ फेब्रुवारी, रात्री १०.०५

तीन आठवडे लिहिले नाही, त्याबद्दल क्षमस्व. काल तपासणी होती. शब्दवेडी यांचे ऐकून मी वहीच्या पानावर चिठ्ठी लिहून नेली होती. कोणाला उपयोगी पडली तर पडावी म्हणून जशीच्या तशी देते.

"माझा शेक मागच्या वर्षी संपला. संबंधाच्या वेळी योनिमार्गाच्या तोंडाशी आणि आत खूप दुखते, आणि नंतर थोडे रक्त जाते. मला दोन मुले आहेत, पण माझा हा प्रश्न मुलांसाठी नाही. मला तपासून डायलेटर आणि हार्मोनच्या औषधाबद्दल सांगावे. बोलताना दार लावून घ्यावे, ही विनंती."

डॉक्टर तेच होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, परत एकदा वाचली, मग स्वतः उठून मागच्या गृहस्थांना बाहेर थांबायला सांगितले आणि दार लावले. मला म्हणाले, "मागच्या वेळी मी नीट ऐकले नाही." त्यांनी एका स्त्रीडॉक्टरांना बोलावले. त्यांनी लहान मुलांसाठी वापरतात तसल्या बारीक उपकरणाने हलकेच तपासले आणि प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगितली. आजार उलटलेला नाही. मार्ग वरच्या बाजूला चिकटू लागला आहे, पण बंद झालेला नाही. सर्वांत लहान मापापासून सुरुवात करायची आहे. हार्मोनबद्दल रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी पाहून ठरवणार आहेत, कारण माझे गर्भाशय जागेवर असल्याने नुसते इस्ट्रोजेन चालणार नाही, त्याला दुसऱ्या हार्मोनची जोड द्यावी लागेल.

घरी आल्यावर रानवाटा यांचा प्रतिसाद मी ह्यांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, मग डायलेटरसोबतचा माहितीचा कागद वाचला आणि बराच वेळ तो हातात धरून बसले. मग म्हणाले, "त्या रात्री मला वाटले की मी तुला इजा केली." आमच्यात अजून काही झालेले नाही आणि घाईही नाही. रात्री मी कूस बदलली तेव्हा ते सरकले नाहीत.

एकटी_वाट | २७ फेब्रुवारी, रात्री १०.५०

कृष्णाकाठ, तुमची चिठ्ठी मी उतरवून घेतली आहे. त्यात एक बदल सुचवते. 'संबंधाच्या वेळी' याच्या आधी 'तपासणीच्या वेळी आणि' असे घातले तर जी एकटी आहे, विधवा आहे, किंवा जिला कोणाविषयी काही सांगायचे नाही, तिलाही ती देता येईल. मुलांचे वाक्य आपापल्या परिस्थितीप्रमाणे घ्यावे किंवा गाळावे. 'दार लावून घ्यावे' हे मात्र कोणी गाळू नये.

कृष्णाकाठ | २७ फेब्रुवारी, रात्री १०.५८

बदल केला. हे मला सुचायला हवे होते.

सिस्टर_माणदेश | २८ फेब्रुवारी, सकाळी ६.१५

चिठ्ठी मोठ्या अक्षरांत लिहून काढली आहे. वाचता न येणाऱ्यांना मी वाचून दाखवते आणि होय म्हटले तर त्यांच्या केसपेपरला टाचते. आज तीन जणींनी टाचायला लावली.

ओवी_१९७६ | २८ फेब्रुवारी, दुपारी ४.३०

आजच सभासद झाले. हा धागा महिनाभर नुसता वाचत होते. माझी तपासणी गुरुवारी आहे. दीपमाळ मॅडम, शेक संपून पाच वर्षे झाली असतील तर ही चिठ्ठी द्यावी का?

दीपमाळ | २८ फेब्रुवारी, सायंकाळी ५.०५

जरूर द्या. आणि रक्त कधी गेले असेल तर त्याची तारीखही खाली लिहा.